मिस्त्रींचे भाडेकरू

दूध वर येण्याच्या बेतात होतं आणि आमचे हे एक मोजा हातात धरून दुसऱ्याची चौकशी करत घरभर फिरत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस आमच्या इमारतीत एकच, तळमजल्यावरचे मिस्त्री. विजेच्या बटणापेक्षा लाकडावर त्यांचा विश्वास जास्त. दार उघडलं तर तेच उभे. चपला बाहेर काढलेल्या, कानावर पेन्सिल, पण चेहऱ्यावर रोजचं हसू नव्हतं.

"वहिनी, तुमच्याकडे मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आहे ना? एक फोटो मोठा करून बघायचाय."

"या की आत. चहा टाकतेच आहे."

"चहा नंतर. आधी फोटो."

चहाला नंतर म्हणणारे मिस्त्री मी पहिल्यांदाच बघत होते. गॅस बंद केला आणि मुलीच्या खोलीत गेले. मुलगी शिकायला बाहेरगावी, तिचा कॉम्प्युटर मात्र धूळ खात इथेच. मिस्त्रींच्या फोनवरचा फोटो त्यावर घेतला. पाठवला होता पाखरांच्या मॅडमनी, खाली एकच ओळ होती: "मिस्त्री, तिसऱ्या छपरावर काय बसलंय?"

समोरच्या बेटावरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या त्या फोटोत जमिनीत निम्म्या पुरलेल्या, मिस्त्रींच्याच हातच्या लाकडी पेट्यांची रांग होती. फोनवर जो नुसता काळा डाग दिसत होता त्याला मोठ्या पडद्यावर शेपूट फुटलं.

"उंदीर," आमचे हे मागून म्हणाले. मोज्याचा विषय तिथेच संपला.

मिस्त्री उंदराकडे बघतच नव्हते. त्यांनी छपराच्या कडेला बोट लावलं. "इथे. अजून मोठं करा." तिथे फळीला एक खरबरीत भोक पडलेलं होतं, आणि भोकातून एक पिवळट, कुरळी पट्टी लोंबत होती. लहान मुलीच्या केसांची बट असावी तशी.

"ही रंध्याखालची साल आहे," मिस्त्री म्हणाले. "बेटावर एक झाड नाही, वहिनी. तिथे रंधा मारायला कोण जाणार? ही माझ्या छपरातली आहे. उंदीर बाहेरून आलेला नाही. माझ्या छपरातून निघालाय."

शेजारी खुर्ची होती, तरी ते खाली फरशीवर बसले.

आमच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर ते बेट दिसतं. पाण्यात पालथी घातलेली कढई असावी तेवढंच. माणूस तिथे राहत नाही. करड्या पंखांची, कबुतरापेक्षा जरा लहान अशी पाखरं तिथे येतात. त्यांचा सगळा जन्म पाण्यावर जातो. जमिनीवर येतात ती फक्त अंडं घालायला, तेही बिळात, आणि अंडं वर्षाला एकच. पूर्वी कुठल्याशा जहाजातून बेटावर उंदीर उतरले आणि त्यांनी बेट साफ करून टाकलं. त्या पाखरांनी त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या उंदीर पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे पळायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग पाखरांच्या ऑफिसातल्या लोकांनी कित्येक हिवाळे खपून एकूण एक उंदीर संपवला. पाखरं परत आली, तर जुनी बिळं ढासळलेली. या कामावर ज्या बाई आहेत त्यांना सगळी गल्ली पाखरांच्या मॅडम म्हणते. स्वभावाने साध्या, फक्त बोलता बोलता मध्येच आकाशाकडे बघतात.

मिस्त्रींची आणि त्यांची ओळख एका अडकलेल्या ड्रॉवरमुळे झाली. मिस्त्रींनी उभं आयुष्य दारं-खिडक्या केल्या. माझ्या घराची दारंही त्यांच्याच हातची, आणि अजून एकही कुरकुरत नाही. पण पुढे कारखान्यातली तयार दारं आली आणि मिस्त्रींच्या वाट्याला अडकलेले ड्रॉवर आणि डुगडुगणारी टेबलं उरली. मॅडमच्या ऑफिसातला ड्रॉवर ते तासत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "मिस्त्री, लाकडाचं बीळ करता येईल?"

"बाई," मिस्त्री म्हणाले, "आजवर लोकांनी मला बिळं बुजवायला बोलावलं. करायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

आणि त्यांनी ती केली. जमिनीत पुरायची एक पेटी, पेटीला वाकडा बोगदा, म्हणजे आत उजेड जाऊ नये, आणि वर उचलता येणारं छप्पर. बोगदा असा अरुंद, की पाखरू जाईल पण पिल्लं खाणारा मोठा पक्षी जाणार नाही. मागच्या बाजूला फट ठेवली नाही, वारा येईल म्हणून. कोपरापर्यंत हात घालून आतून कुठे कुसळ लागतं का ते बघायचे, आणि लागलं की पुन्हा पॉलिशपेपर घेऊन बसायचे. त्यांच्या बायकोला मी ताई म्हणते. ताईंच्या जिभेला धार आहे.

"माझं स्वयंपाकघरातलं कपाट एका बिजागरीवर लोंबतंय," ताई ऐकवायच्या. "पाखरांना मात्र आतून गुळगुळीत भिंती!"

"त्यांना पिसं असतात ग."

"आणि मला काय, खवले आहेत?"

पेट्यांमध्ये पाखरं राहायला आली तेव्हा मिस्त्रींनी त्यांचं नाव 'भाडेकरू' ठेवलं. "असे भाडेकरू मिळायला भाग्य लागतं, वहिनी. भिंतीत खिळे ठोकत नाहीत, रात्री फर्निचर सरकवत नाहीत." ते स्वतः बेटावर कधी गेले नव्हते. तिथे धक्का नाही. हलत्या बोटीतून खडकावर उडी मारावी लागते, आणि शिडीवरून पडल्यापासून मिस्त्रींचा गुडघा जिन्याच्या पायऱ्यांवरही साथ देत नाही. मॅडम आणतील ते फोटो बघायचे आणि ते ताईंना, मला, दूधवाल्याला दाखवत फिरायचे. नातवाचे फोटो दाखवावेत तसे.

गेल्या उन्हाळ्यात ऊन जास्त तापलं आणि पेट्यांत काही पिल्लं दगावली. मिस्त्रींना तो घोर लागला. त्यांनी डोकं लढवून नवीन छप्पर काढलं. दोन फळ्या, मध्ये चार बोटं पोकळी, पोकळीत रंध्याच्या साली भरलेल्या, म्हणजे ऊन वरच्या फळीतच अडकेल. पोकळीला हवा खेळती राहावी म्हणून कडेला भोकं, आणि भोकांना तारेची जाळी. जाळी खाऱ्या हवेत गंजते, तिचं टोक पाखराच्या पायात जाईल, असं मॅडम सहज बोलून गेल्या. मिस्त्रींनी सगळ्या जाळ्या काढल्या आणि त्यांच्या जागी पातळ लाकडी पट्ट्या बसवायला घेतल्या, एकेक घासून. हे काम निवांत चाललं होतं. तोवर छपरं त्यांच्या कामाच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली होती, उघड्या भोकांची, आत मऊ सालींचं अंथरूण असलेली. शेडमध्ये उंदीर होते का? लाकडाच्या कुठल्या शेडमध्ये नसतात?

एखादी उंदरीण पोटुशी असताना ऊब शोधत आत शिरली असणार. मग मिस्त्रींनी पट्टी ठोकली आणि ती आतच राहिली.

बेटावर जाणारी प्रत्येक वस्तू धक्क्यावरच्या एका बंद खोलीत तपासली जाते. पिशव्या पालथ्या करतात, बुटांचे तळ बघतात, पावसुद्धा मधून कापतात. मग सगळं रात्रभर तिथेच ठेवून शेजारी शेंगदाण्याच्या वासाचा मेणाचा ठोकळा ठेवतात. सकाळी मेणावर दातांची खूण दिसली तर सामान हलत नाही. पण त्या दिवशी वारा फिरला होता. ती समुद्र बंद व्हायच्या आधीची शेवटची फेरी होती आणि नावाडी घाई करत होता. छपरं उलटसुलट करून बघितली, ठोकून बघितली. फळीत आणखी काय बघायचं? तशीच बोटीत चढवली.

फरशीवर बसल्या बसल्या मिस्त्रींनी मॅडमना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे आम्हीही ऐकत होतो. त्यांनी सालीचं सगळं सांगितलं.

"छपरं रात्रभर ठेवायला हवी होती," मग मॅडम म्हणाल्या. "मी ठेवली नाहीत."

"ठेवून काय झालं असतं, बाई? माझं छप्पर उघडतच नव्हतं."

"तरी मेणावर कळलं असतं."

"मी जाळी काढायलाच नको होती."

"जाळीचं मीच बोलले होते ना."

चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारणारी भांडणं मी पुष्कळ ऐकली आहेत. चूक आपल्याकडे ओढणारं हे पहिलंच. शेवटी आमच्या ह्यांनी विचारलं, "पण आता करायचं काय?"

किनाऱ्याकडेला विषाच्या पेट्या आहेत, मॅडमनी सांगितलं, पण त्या पाण्यातून येणाऱ्या उंदरासाठी. हा थेट वरच्या पठारावर, पाखरांच्या दारातच उतरला आहे. पिल्लं नुकतीच अंड्यातून निघालीत, समोर ताट वाढलेलं असताना तो विषाकडे कशाला जाईल? सापळे लावायला माणूस हवा, आणि समुद्र बंद. "सापळे माझ्या टेबलाखाली आहेत, मिस्त्री. बेट माझ्या खिडकीतून दिसतं. एवढंच."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नावाड्याकडे निघाले. ताई मला म्हणाल्या, "तुम्ही जा बरोबर. माझं ऐकत नाहीत, निदान तुमची भीड ठेवतील." धक्क्यावर पोचलो तर बोटी वर ओढून दोरांनी आवळलेल्या, आणि लाटा धक्क्याच्या भिंतीवर अशा आदळत होत्या की बोलायला ओरडावं लागत होतं.

"फक्त खडकापर्यंत," मिस्त्री ओरडले. "सापळे फेकून परत फिर."

"मिस्त्री, खडकापर्यंतच तर जीव जातो!" नावाडी हसला नाही. "समुद्र काय माझ्या सासऱ्याचा आहे, जरा थांबा म्हणायला? मला दोन मुली आहेत."

मिस्त्रींनी मान हलवली. समोर बेट इतकं स्वच्छ दिसत होतं की वाटावं, हाक मारली तर ऐकू जाईल. ते तिथे कठड्याला धरून उभे राहिले आणि त्यांचा सदरा भिजून चिंब झाला, तरी हलले नाहीत. शेवटी मी म्हटलं, "मिस्त्री, ताई मला ओरडतील." तेव्हा कुठे ते वळले.

मग रोज सकाळी थाप पडायला लागली. बेटावरचा कॅमेरा दिवसातून एकदा फोटो पाठवायचा, मॅडम तो मिस्त्रींकडे पाठवायच्या, मिस्त्री माझ्याकडे आणायचे. चहा मी समोर ठेवायची. तो तसाच थंड व्हायचा, वर साय धरायची. एका सकाळी उंदीर पहिल्या पेटीच्या बोगद्याच्या तोंडाशी होता. पुढच्या सकाळी दुसऱ्या पेटीबाहेर राखाडी पिसांचा पुंजका पडलेला होता, आणि शेजारी पिल्लाची आई आडवी, पंख पसरलेली.

"बोगदा मीच अरुंद केला," मिस्त्री म्हणाले. "मोठा पक्षी जाऊ नये म्हणून. उंदराला तर तो मापाचाच झाला. आणि मागे वाट ठेवली नाही. वारा येईल म्हणून."

आमच्या ह्यांना कोणाचं दुःख बघवत नाही, आणि बघवलं नाही की ते काहीतरी बोलून बसतात. "अहो मिस्त्री, जंगलात हे चालायचंच. निसर्ग आहे तो."

"साहेब," मिस्त्री पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "निसर्गाला रंधा मारता येत नाही."

हे उठून आत गेले. नंतर बराच वेळ मुकाट्याने भांडी विसळत होते, जे एरवी त्यांच्या हातून होत नाही.

दिवसभर खालून करवतीचा आवाज यायचा. मिस्त्री सापळे करत होते. ऑफिसात सापळे आहेत हे त्यांना माहीत होतं, तरी करत होते. ताई म्हणाल्या, "करू दे. हात थांबले की माणूस भिंतीकडे बघत बसतो. मी पाटावर ताट ठेवते तर ताटाकडे असं बघतात, जणू मीच त्यात कोणाचं पिल्लू वाढलंय." त्या म्हणताना हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला. "माझी आई गेली तेव्हासुद्धा इतके खचले नव्हते हो. तेव्हा म्हणाले होते, वय झालं होतं. आता काय म्हणणार? दोन दिवसांच्या पिल्लांचं काय वय झालं होतं?"

त्यांनीच मला सांगितलं की मिस्त्रींनी सगळी शेड रिकामी केली. एकेक फळी अंगणात काढली. मागच्या भिंतीशी, जिथे छपरं टेकवून ठेवली होती तिथे, चिंध्यांचं आणि सालींचं एक जुनं घरटं निघालं. मिस्त्रींनी ते सुपलीत घेतलं, बराच वेळ बघितलं आणि पेटवून दिलं.

त्यानंतरच्या एका फोटोत तिसऱ्या छपरावर मोठ्या उंदराबरोबर छोटे उंदीर बसलेले दिसले. मिस्त्रींनी ते मोजले नाहीत. मलाही मोजावेसे वाटले नाहीत. त्यांच्या मेहनतीने गार ठेवलेल्या छपराखाली आता कोण सुखात वाढत होतं, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

पण त्याच फोटोत रांगेच्या टोकाला, कोपऱ्यातल्या पेटीच्या बोगद्यातून एक राखाडी गोळा डोकावत होता. कापसाच्या बोळ्याला चोच चिकटवावी तसा. मी तो मोठा केला. एक काळा डोळा होता, उघडा.

"जिवंत आहे," मी म्हटलं.

"आत जा रे," मिस्त्री पडद्याला म्हणाले. अगदी हळू, रस्त्यावर आलेल्या पोराला सांगावं तसं. "बाहेर काय आहे तुझं? आत जा."

पुढचे काही दिवस तो कधी दिसायचा, कधी नाही. दिसला की मिस्त्री चहा प्यायचे. नाही दिसला की मी काहीतरी बोलायची: आत झोपला असेल, आई येऊन भरवून गेली असेल. मिस्त्री हो म्हणायचे. आम्ही दोघंही एकमेकांची समजूत काढत होतो आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. चौथ्या, पाचव्या पेटीपाशी उंदीर दिसले. आता कोपऱ्यातलीच राहिली होती.

मग एके सकाळी फोटो आला तो नुसता पांढरा. मॅडमचं म्हणणं, काचेवर मीठ साचलं असणार, पुसायला कोणी जाईपर्यंत असंच येणार. मिस्त्री तरीही रोज यायचे. पांढरा पडदा मोठा करून मागायचे. मी मोठा करायची. पांढऱ्यात काय दिसणार? तरी आम्ही बघायचो. एकदा त्यांना वाटलं, कोपऱ्यात काहीतरी करडं आहे. मलाही वाटलं. नीट पाहिलं तर माझ्याच पडद्यावर धूळ होती.

समुद्र एकदाचा शांत झाला तेव्हा सकाळीच मॅडम तळमजल्यावर आल्या. हातात पत्र्याचे डबे, मागे ऑफिसातली दोन माणसं. मिस्त्रींनी केलेले सापळे त्यांनी बघितले, एकाची झडप उचलून सोडली आणि म्हणाल्या, "हे सगळे घेऊन जातो." ते खरंच लागणार होते की मिस्त्रींसाठी म्हणाल्या, कोण जाणे. पण यावेळी प्रत्येक सापळा आतून-बाहेरून बॅटरी लावून तपासला गेला. मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने प्रत्येकाचा तळ काढून दाखवला, आणि मग सगळे धक्क्यावरच्या खोलीत रात्रभर मेणाजवळ राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निरोप द्यायला मी आणि ताई मिस्त्रींबरोबर धक्क्यावर गेलो. मिस्त्रींनी गुडघ्याला पट्टा बांधला होता, आणि तो कशासाठी ते ताईंच्या लगेच लक्षात आलं.

"उडी मारायचा विचार असेल तर आत्ताच सांगा," त्या म्हणाल्या. "मी मागे बांधून ठेवते नावाड्याच्या दोराने."

मिस्त्रींनी बोटीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि पट्टा सोडून खिशात घातला.

मॅडमनी कसलाच दिलासा दिला नाही, आणि ते मला बरं वाटलं. त्या म्हणाल्या, सगळी छपरं काढून तिथेच जाळावी लागतील, बहुतेक पेट्याही. उंदीर किती पसरलेत ते गेल्यावरच कळेल. एका फेरीत ते संपणार नाहीत, कदाचित कित्येक हिवाळे पुन्हा जातील. पाखरं पुढच्या वर्षी येतील की नाही, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मिस्त्री प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

नावाड्याने दोर सोडला. मॅडम बोटीत उतरल्या आणि वर बघून म्हणाल्या, "मिस्त्री, काही सांगायचंय?"

"एकच," मिस्त्री कठड्यावरून वाकून म्हणाले. "फोनवर फोटो पाठवू नका. परत आलात की ऑफिसात जायच्या आधी माझ्याकडे या, आणि कोपऱ्यातल्या पेटीत कोणी आहे का ते मला तोंडाने सांगा. नसेल तर नाही म्हणून सांगा."